डीबगरची फाइल फुगली आहे? हलकी करायला खर्च किती, वेळ किती

तळेगाव, वडगाव, कामशेत किंवा लोणावळ्यातून घरून काम करता. जीडीबी उघडला की स्क्रीन ‘रीडिंग सिम्बॉल्स’ या ओळीवर अडकते, लॅपटॉपचा पंखा घरघरतो, ब्राउझर गोठतो. अशा वेळी बहुतेक जण रॅम वाढवायला निघतात किंवा क्लाउडवर मोठं मशीन भाड्यानं घेतात. तुम्ही एक संध्याकाळ थांबा. या फाइलींमधला बराच भाग एकाच माहितीच्या अनेक प्रती असतो. त्या काढायची साधनं मोफत आहेत आणि पुण्यापर्यंत जायचीही गरज नाही. पैसे जातात ते चुकीच्या उपायावर, म्हणून कोणता उपाय कशाचा खर्च वाचवतो हे आधी समजून घ्या.

थोडक्यात

साधनांचा खर्च: शून्य. जीडीबी, बिनयुटिल्स, एल्फयुटिल्स आणि डीडब्ल्यूझेड ही चारही साधनं लिनक्सच्या भांडारातून विनामूल्य मिळतात. परवाना, नोंदणी, वार्षिक वर्गणी काही नाही.
वेळ: मोजायला पंधरा-वीस मिनिटं. पुढचं काम तुमच्या पूर्ण बिल्डला लागतो तेवढ्या वेळाचं.
लागेल: मूळ सोर्स, बिल्डची स्क्रिप्ट आणि डिस्कवर डीबग फाइलीच्या किमान दुप्पट मोकळी जागा.
धोका: एकच, मूळ फाइल हातची जाणं. प्रत काढल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

तीच माहिती परत परत का येते

‘-जी’ लावून कंपाइल केलं की प्रत्येक सोर्स फाइलीबरोबर ड्वॉर्फ स्वरूपातली माहिती तयार होते: कोणता स्ट्रक्चर, त्यात कोणती फील्ड, कोणती ओळ कुठल्या पत्त्यावर. हेडर फाइल जितक्या ठिकाणी जोडली असेल, तितक्या वेळा तिच्यातल्या टाइपचं वर्णन लिहिलं जातं. लिंकर नेहमीच्या पद्धतीनं ही वर्णनं एकापुढे एक जोडतो, सारखी आहेत का हे पाहत नाही. समजा, एका हेडरचं वर्णन ५० केबी आहे आणि ते ३०० फाइलींत आलं आहे. म्हणजे १५ एमबी झाले, आणि कामाचे त्यातले ५० केबीच. सी++ आणि टेम्प्लेट वापरत असाल तर हा आकडा झपाट्यानं वाढतो.

आधी मोजा

तुमचं दुखणं चारपैकी कोणतं आहे ते ठरवा: डिस्क, रॅम, उघडण्याचा वेळ की डाउनलोडचा डेटा. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडतोच असं नाही.

डिस्कसाठी ‘रीडएल्फ’ला सेक्शनची यादी विचारा आणि ‘डीबग’नं सुरू होणाऱ्या सेक्शनचे आकार पाहा. ‘डीबग_इन्फो’ सर्वांत मोठा असेल तर टाइपच्या प्रतींचा संशय घ्या. ‘डीबग_एसटीआर’ मोठा असेल तर सी++ची लांबलचक नावं जागा खात आहेत.

रॅम आणि वेळेसाठी जीडीबीला ‘टाइम’ या आज्ञेतून, ‘व्हर्बोज’ पर्यायासह चालवा. त्याला बॅच पद्धतीत फक्त ‘ब्रेक मेन’ करायला सांगा. शेवटी ‘मॅक्झिमम रेसिडेंट सेट साइज’ हा आकडा मिळतो. तो आणि लागलेले सेकंद लिहून ठेवा. ‘ब्रेक मेन’ मुद्दाम द्यायचं, कारण २०२४ मध्ये आलेल्या जीडीबी १५ पासून ड्वॉर्फ मागच्या मागे वाचला जातो. नुसता उघडून बंद केलात तर आकडा फसवा येईल. मोजणी दोनदा करा. पहिल्या वेळी फाइल डिस्कवरून येते, दुसऱ्या वेळी बरीचशी मेमरीतूनच.

जीडीबीच्या आतून ‘मेंट प्रिंट स्टॅटिस्टिक्स’ ही आज्ञा द्या. डीबगर स्वतःही सारखा मजकूर एकदाच साठवायचा प्रयत्न करतो, त्यासाठी त्याच्याकडे ‘बाइट कॅश’ असतो. किती मजकूर आला, किती वेगळा निघाला, याचा हिशोब तिथे दिसतो. पण ही बचत फाइल वाचल्यानंतरची आहे. वाचण्याचा खर्च फाइल बारीक झाल्याशिवाय कमी होत नाही.

पुन्हा बिल्ड करणं शक्य असेल तर

तुम्ही न लिहिलेल्या लायब्ररींसाठी ‘-जी१’ लावा. फंक्शन, बाहेरची व्हेरिएबल आणि ओळींचे क्रमांक राहतात, म्हणजे बॅकट्रेस नीट येतो. स्थानिक व्हेरिएबलची माहिती जाते. स्वतःच्या कोडला मात्र ‘-जी’च ठेवा. ‘-जी३’ कोणी सवयीनं लावला असेल तर काढा. त्यानं मॅक्रोही नोंदवले जातात, आणि मॅक्रो डीबगरमध्ये उलगडून पाहण्याची गरज फार कमी जणांना पडते.

मोठा सी++ प्रकल्प असेल तर जीसीसीला ‘एफ-डीबग-टाइप्स-सेक्शन’ द्या. हा पर्याय मुळात बंद असतो. तो दिला की प्रत्येक मोठ्या टाइपला आठ बाइटची सही मिळते आणि एकाच सहीच्या अनेक प्रतींतली एकच लिंकर ठेवतो. छोट्या सी प्रकल्पावर लावण्याआधी मोजा. प्रत्येक टाइपला वेगळं शीर्षक जोडावं लागतं, त्यामुळे प्रती कमी असतील तर फाइल उलट वाढते.

‘जी-स्प्लिट-ड्वॉर्फ’ हा तिसरा मार्ग. डीबग माहितीचा मोठा भाग वेगळ्या ‘डीडब्ल्यूओ’ फाइलींत राहतो आणि लिंकरचं ओझं उतरतं. रोज वीस वेळा लिंक करणाऱ्यांना याचा खरा फायदा होतो. मात्र त्या सुट्या फाइली हलवल्या किंवा पुसल्या की टाइप आणि व्हेरिएबल दिसेनाशी होतात. दुसऱ्याला द्यायच्या असतील तर ‘डीडब्ल्यूपी’ साधनानं आधी एकत्र बांधा.

क्लँग वापरत असाल तर लिनक्सवर तो आधीच काटकसर करतो आणि टाइपचं पूर्ण वर्णन सगळीकडे लिहीत नाही. त्याची किंमत अशी, की एखाद्या लायब्ररीची डीबग माहिती हाताशी नसेल तर ‘इनकम्प्लीट टाइप’ असं उत्तर येतं. तेव्हा त्या एका मॉड्यूलपुरता ‘एफ-स्टँडअलोन-डीबग’ लावा, सगळ्या प्रकल्पाला नको.

बिल्ड पुन्हा करता येत नसेल तर

तयार फाइलीवर चालणारं साधन म्हणजे डीडब्ल्यूझेड. ते ड्वॉर्फमधल्या सारख्या नोंदी शोधतं, एकाच जागी ठेवतं आणि बाकीच्या ठिकाणांहून तिकडे निर्देश करतं. फेडोरा आणि डेबियनची पॅकेजं बनवताना ते वर्षानुवर्षं वापरात आहे.

चालवताना तीन गोष्टी पाळा. एक, ‘-ओ’ पर्याय देऊन निकाल नव्या नावाच्या फाइलीत लिहा. पर्याय दिला नाही तर मूळ फाइलच बदलते. दोन, ते लिंक झालेल्या प्रोग्रॅमवर आणि शेअर्ड लायब्ररीवर चालवा, सुट्या ‘.ओ’ फाइलींवर नाही. तीन, आवृत्ती पाहा. जीसीसी ११ पासून ड्वॉर्फ ५ आपोआप लागतो, त्यामुळे डीडब्ल्यूझेड ०.१४ किंवा पुढचं घ्या.

मर्यादाही जाणून घ्या. नोंदी १ कोटीच्या वर गेल्या की हे साधन कमी मेमरीच्या, पण हळू पद्धतीवर जातं. ५ कोटींच्या वर गेल्या की फाइल जशीच्या तशी सोडून देतं. दोन्ही मर्यादा पर्याय देऊन बदलता येतात, पण ८ जीबीच्या लॅपटॉपवर त्या वाढवू नका.

अनेक प्रोग्रॅममध्ये सारखीच माहिती असेल तर ‘-एम’ पर्यायानं एक सामाईक फाइल करता येते. बचत आणखी होते. पण मग ती सामाईक फाइल प्रत्येकाबरोबर द्यावीच लागते. विसरलात तर समोरच्याचा जीडीबी ‘.जीएनयू_डीबगऑल्टलिंक’ फाइल सापडत नाही म्हणून तक्रार करेल, आणि तो दोष तुमच्या कोडचा समजेल.

कामाचा क्रम

क्रम चुकला तर कष्ट वाया जातात. असा धरा:

१. मूळ फाइलीची प्रत वेगळ्या फोल्डरात.
२. डीडब्ल्यूझेड.
३. ‘जीडीबी-ॲड-इंडेक्स’, म्हणजे उघडताना सगळं चाळावं लागत नाही.
४. ‘ऑब्जकॉपी’च्या ‘ओन्ली-कीप-डीबग’नं डीबग फाइल वेगळी, आणि ‘स्ट्रिप’नं प्रोग्रॅम हलका.
५. हवं तर डीबग फाइलीचं कॉम्प्रेशन.
६. सर्वांत शेवटी ‘ॲड-जीएनयू-डीबगलिंक’.

कॉम्प्रेशन आधी केलंत तर डीडब्ल्यूझेड त्या फाइलीला हात लावत नाही. डीबगलिंक आधी लावून नंतर डीबग फाइल बदललीत तर ‘सीआरसी मिसमॅच’ येतो, कारण त्या दुव्यात फाइलीच्या नावाबरोबर तिचा सीआरसीही साठवलेला असतो.

काम झालं की तपासा. ‘रीडएल्फ -एन’नं दोन्ही फाइलींचा बिल्ड-आयडी सारखा आहे ना? जीडीबीत एका मोठ्या स्ट्रक्चरवर ‘पीटाइप’ नीट येतो ना? एका ब्रेकपॉइंटवर ‘बीटी’त ओळींचे क्रमांक दिसतात ना? तिन्ही उत्तरं ‘हो’ आली तरच जुनी प्रत हलवा.

फाइल तशीच ठेवून डीबगरचं ओझं कमी करायचं असेल तर

ऑफिसची फाइल बदलायची परवानगी नसते, तेव्हा हे उपयोगी पडतं. ‘सेट ऑटो-सोलिब-ॲड ऑफ’ द्या आणि हवी तीच लायब्ररी ‘शेअर्डलायब्ररी’ आज्ञेनं उघडा. प्रोग्रॅमला पन्नास लायब्ररी जोडलेल्या असतील आणि तुमचा बग दोनमध्येच असेल तर रॅम थेट वाचते. बाकीच्या लायब्ररींतली फंक्शन बॅकट्रेसमध्ये बिननावाची दिसतील, त्याला घाबरू नका.

‘सेट इंडेक्स-कॅश एनेबल्ड ऑन’ दिलंत की पहिल्यांदा उघडताना तयार झालेली अनुक्रमणिका साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच वापरली जाते. ती बिल्ड-आयडीनुसार साठते, म्हणून प्रत्येक नव्या बिल्डला नवी फाइल. होम फोल्डरमधला जीडीबीचा कॅश महिन्यातून एकदा रिकामा करा.

‘रीडनाऊ’ हा पर्याय कोणी वेगासाठी सुचवला तर नाही म्हणा. तो सगळी माहिती सुरुवातीलाच पूर्ण उलगडतो, त्यामुळे रॅम आणि वेळ दोन्ही वाढतात.

छुपे खर्च

*मोबाइल डेटा.* डीबगइन्फोडी ही सोय जीडीबी १० पासून आहे. ती लायब्ररींची डीबग माहिती गरजेप्रमाणे इंटरनेटवरून आणते. ब्रॉडबँडवर सोयीची, हॉटस्पॉटवर महाग. रोज दीड जीबीच्या पॅकवर असाल तर एका मोठ्या प्रोग्रॅमच्या लायब्ररी दुपारपर्यंत पॅक संपवू शकतात. जीडीबीनं विचारलं तर नुसता एंटर दाबा, त्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो. कायमचं बंद ठेवायला ‘सेट डीबगइन्फोडी एनेबल्ड ऑफ’ ही ओळ जीडीबीच्या सुरुवातीच्या फाइलीत लिहा. सोय हवीच असेल तर ‘डीबगइन्फोडी_मॅक्ससाइज’ या व्हेरिएबलमध्ये कमाल आकार बाइटमध्ये द्या.

*डाउनलोडचा वेळ.* १ जीबीला १० एमबीपीएसवर साधारण १४ मिनिटं, ४ एमबीपीएसवर ३३ मिनिटं. ऑफिसकडून २० जीबीचा सिम्बॉल संच हवा असेल तर दीड जीबीच्या पॅकवर त्याला चौदा दिवस लागतील. त्यापेक्षा आयटी विभागाची लेखी परवानगी घेऊन एकदा लोकलनं जा आणि डिस्कवर भरून आणा. पेनड्राइव्ह एफएटी३२ स्वरूपाचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. निघण्याआधी तो एक्सफॅट करून घ्या.

*कॉम्प्रेशनचा गैरसमज.* ‘-जीझेड’ लावल्यानं डिस्क आणि डाउनलोड वाचतं, रॅम वाचत नाही. जीडीबी ती माहिती मेमरीत पुन्हा मोकळी करतो आणि उघडायला थोडा जास्त वेळ घेतो. झेडएसटीडी पद्धत वापरणार असाल तर समोरच्याकडची साधनं तेवढी नवी आहेत का ते आधी विचारा. बिनयुटिल्समध्ये ती २.४० पासून आली.

*वीज.* पावसाळ्यात लोणावळा-खंडाळ्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. मोठं बिल्ड किंवा डीडब्ल्यूझेड चालू करण्याआधी चार्जिंग पूर्ण आहे का पाहा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय मूळ फाइलीवर काहीही चालवू नका.

*क्लाउड.* मशीन थांबवलं तरी त्याच्या डिस्कचं भाडं चालू राहतं. डेटा बाहेर काढायला वेगळं शुल्क असतं. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि बिल डॉलरमध्ये असेल तर कार्डाचं परकीय चलन शुल्कही. काम झालं की मशीन नुसतं बंद करू नका, डिस्कसकट हटवा.

*रॅम.* वरचं सगळं करूनही आकडा तुमच्या रॅमपेक्षा मोठा येत असेल तर जरूर घ्या. दुकानात जाण्याआधी लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक पाहून तीन उत्तरं मिळवा: रॅम बोर्डावर पक्की आहे की स्लॉट मोकळा आहे, डीडीआर४ की डीडीआर५, कमाल किती चालते. जीएसटीचं बिल आणि वॉरंटी घ्या. जुनी पट्टी परत मागून घ्या.

तळेगाव-हिंजवडीच्या फर्मवेअरवाल्यांसाठी

मायक्रोकंट्रोलरची जीएनयू साधनं आपल्या भागाला नवी नाहीत. पुण्याच्या केपीआयटी कमिन्सनं रेनेसासच्या एसएच आणि एच८ कंट्रोलरसाठी असे संच बांधून मोफत दिले होते. अजूनही काही ठिकाणी ‘फ्लॅश पुरत नाही, डीबग माहिती काढा’ असा सल्ला मिळतो. तो मानू नका. कंट्रोलरच्या फ्लॅशमध्ये लोड होणारे सेक्शनच जातात. ड्वॉर्फ तुमच्या संगणकावरच्या ‘एल्फ’ फाइलीत राहतो, ‘हेक्स’ किंवा ‘बिन’ फाइलीत तो नसतोच. ‘साइज’ आज्ञा टेक्स्ट, डेटा आणि बीएसएस दाखवते. फ्लॅशचा हिशोब टेक्स्ट आणि डेटावर करा, बीएसएस रॅममध्ये जातो. ग्राहकाला दिलेल्या प्रत्येक आवृत्तीची ‘एल्फ’ फाइल मात्र जपून ठेवा. दोन वर्षांनी यंत्र बंद पडलं तर नेमकी तीच लागते, आणि पुन्हा केलेलं बिल्ड तंतोतंत तसंच निघेल याची खात्री नसते.

कुसगाव-तळेगावच्या विद्यार्थ्यांसाठी

लिनक्स कर्नल बांधताना डिस्क भरत असेल तर कॉन्फिगमध्ये डीबग माहितीचा पर्याय पाहा. फक्त बांधून चालवायचा असेल तर ‘डीबग_इन्फो_नन’ निवडा. बॅकट्रेस पुरेसा असेल तर ‘डीबग_इन्फो_रिड्यूस्ड’ घ्या. त्यात स्ट्रक्चरची माहिती मिळत नाही, म्हणून स्ट्रक्चर पाहणं हाच प्रकल्पाचा भाग असेल तर तो टाळा. यासाठी मोठी डिस्क विकत घेण्याची गरज नाही.

हे शॉर्टकट नकोत

सगळ्यावर ‘स्ट्रिप’ चालवून मोकळं होणं. प्रोग्रॅम त्यानं वेगवान होत नाही, कारण डीबग सेक्शन नेहमीच्या चालण्यात मेमरीत येतच नाहीत. डीबग प्रत ठेवली नसेल तर पुढचा क्रॅश वाचताच येणार नाही.

दुसऱ्या बिल्डची डीबग फाइल ‘जवळपास तीच’ म्हणून वापरणं. ओळी चुकीच्या दिसतात आणि दिवस वाया जातो. बिल्ड-आयडी जुळलाच पाहिजे.

सिम्बॉल फाइल किंवा कोअर फाइल अनोळखी ऑनलाइन सेवेला देणं. सिम्बॉल फाइलीत फंक्शनची नावं आणि तुमच्या फोल्डरांचे पत्ते असतात. कोअर फाइलीत त्या क्षणी मेमरीत असलेला ग्राहकाचा डेटा असू शकतो. बाहेर द्यायच्या बिल्डला ‘एफ-फाइल-प्रीफिक्स-मॅप’ लावून पत्ते झाका. कोअर फाइल बाहेर देऊच नका.

दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर

काम तासावर देऊ नका, ठरावीक रकमेवर द्या. करारात चार गोष्टी लिहा: आधीचा आणि नंतरचा डिस्क, रॅम आणि सेकंदांचा आकडा, वापरलेल्या आज्ञांची स्क्रिप्ट तुमच्या मालकीची, मूळ फाइली परत, गोपनीयता. ‘आमचं खास साधन’ म्हणून कोणी वार्षिक वर्गणी मागितली तर तेच काम डीडब्ल्यूझेडनं होतं का, हे आधी स्वतः करून पाहा. फ्रीलान्सर जीएसटी लावत असेल तर बिलावर त्याचा क्रमांक मागा. नोंदणी नसलेल्याला जीएसटी वसूल करता येत नाही. सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती सर्वसाधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर येते.

आज रात्री काय कराल

मोजा आणि आकडे लिहा. डिस्क किंवा डाउनलोडचं दुखणं असेल तर डीडब्ल्यूझेड आणि मग कॉम्प्रेशन. उघडायला वेळ लागत असेल तर इंडेक्स. रॅम कमी पडत असेल तर ऑटो-सोलिब बंद आणि परक्या लायब्ररींना ‘-जी१’. पुन्हा मोजा. सुधारणा पुरेशी असेल तर या आज्ञा बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये घाला, म्हणजे पुढच्या बिल्डला हे काम आपोआप होईल. पुरेशी नसेल तर हे आकडे घेऊनच दुकानात किंवा मॅनेजरकडे जा. नेमकी किती रॅम हवी हे तुम्हाला माहीत असेल, आणि गरजेपेक्षा मोठं काही तुमच्या गळ्यात कोणी मारू शकणार नाही.